लाल फडक्यातली नोंदवही

१

मंगळवारी सकाळी सव्वानऊला आलिमानं टेबलावरचं लाल फडकं सोडलं, तेव्हा आत दाखल नोंदवही नव्हती. तेवढंच जाड, तशाच पुठ्ठ्याचं दुसरं एक रजिस्टर होतं. अठरा वर्षांपूर्वीचं, देवघेवीचं, कोणी कुठलं पुस्तक नेलं आणि कधी परत केलं त्याचं. त्याला आताशा वाळवीसुद्धा विचारत नव्हती.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढं काय त्यात. पण दाखल नोंदवही म्हणजे वाचनालयाचा सातबारा. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला तिच्यात नंबर मिळतो, आणि नंबर नसलेलं पुस्तक सरकारच्या लेखी पुस्तकच नव्हे. शुक्रवारी जिल्ह्याहून तपासणी येणार होती. तपासणीवाले चहाच्या आधी ती वही मागतात.

धामणगाव बढ्याच्या या वाचनालयात आलिमा शेख अकरा वर्षं नोकरीला होती, त्यातली शेवटची दोन ग्रंथपाल म्हणून. तिच्या विसराळूपणाचे किस्से गावात चवीनं सांगितले जात. डोक्यावर चष्मा ठेवून चष्मा शोधणारे तर घरोघरी असतात. आलिमानं एकदा वाचनालयाला कुलूप लावलं तेव्हा आत दोन वाचक होते. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण गावानं जणू तिच्या नावावर करून दिली होती.

नऊ महिन्यांपूर्वी मुलीचं, महनूरचं, अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून ती तिला अकोल्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी पोरीला दहा प्रश्न विचारले आणि आईला चाळीस. येताना पिशवीत दोघींच्या दोन फायली होत्या. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकू न देणारा आजार, मोठ्या माणसांनाही असतो, तो आळस नव्हे आणि बेफिकिरीही नव्हे, हे सदतिसाव्या वर्षी कळलं. एसटीत खिडकीकडे तोंड करून ती खामगावपासून मोताळ्यापर्यंत रडली.

त्यानंतर तिनं स्वतःला शिस्त लावली, पण ती चारचौघांसारखी नव्हती. जे डोळ्यांसमोर नाही ते तिच्यासाठी जगातच नाही. म्हणून नवऱ्याला, सईदला, बोलावून तिनं कार्यालयातल्या कपाटांची दारंच काढून घेतली. प्रत्येक कामाची चिठ्ठी, चिठ्ठीच्या डोक्यावर वेळ, चिठ्ठी टेबलाच्या कडेला सगळ्यांना दिसेल अशी चिकटवलेली. काम झालं की तिचे चार तुकडे. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी फोनवर टेबलाचा एक फोटो. गोळी नाश्त्याबरोबर. नऊ महिन्यांत एका छत्रीखेरीज काही हरवलं नव्हतं, आणि छत्री काय, तहसीलदारही हरवतात.

आणि आता हे. देवघेवीच्या त्या जुन्या रजिस्टरवर, अगदी मधोमध, एक चिठ्ठी ठेवलेली होती. पांढऱ्या कार्डाचा तुकडा, मध्ये बारीक भोक, भोकाच्या कडेला गंजाचा पिवळसर डाग. चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं, 'दाखल रजिस्टर घरी नेलं. परत आणणे.'

अक्षर आलिमाचं होतं.

२

ती तशीच घरी गेली. सईदनं वेल्डिंगचं काम टाकून पलंग उचलला, माळा उपसला, फ्रिजही पाहिला. आलिमाच्या घरात फ्रिज पाहावा लागतो. सईदचं म्हणणं एकच, की सोमवारी ती घरात शिरली तेव्हा तो दारातच बसला होता आणि तिच्या हातात मेथीच्या जुडीशिवाय काही नव्हतं. आलिमाला ते पटलं नाही. नवरा आहे, चांगलंच बोलणार. समोर आपलं स्वतःचं अक्षर असताना नवऱ्याचं काय ऐकायचं?

परत येईपर्यंत साडेदहा झाले. वाचनालयाचे शिपाई उकंडराव पायरी झाडत होते. त्यांच्या मागोमाग सरस्वतीबाई आल्या.

सरस्वतीबाई एकतीस वर्षं इथं ग्रंथपाल होत्या. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, तरी रोज यायच्या. आलिमाचं हरवलेलं शोधून देणं हे त्यांचं काम, कोणी न सांगता त्यांनी घेतलेलं. निवृत्तीनंतरचं पहिलं सव्वा वर्ष त्यांना त्यातून फुरसत नव्हती. पावतीपुस्तक म्हणा, शिक्का म्हणा, बाई उठायच्या आणि हात घालून काढून द्यायच्या. आलिमाला त्यांच्याबद्दल आईइतकी माया होती.

बाई आज दारात थांबल्या नाहीत. चपला घालूनच सरळ आतल्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि रिकाम्या जागेकडे पाहत राहिल्या.

"उकंडराव, पेटी कुठी गेली?"

गावोगाव पुस्तकं पाठवायची लोखंडी ग्रंथपेटी त्या कोपऱ्यात असायची. महिन्यातून एकदा, शनिवारी, ती रोहिणखेडला जाई.

"गेली सकायीच," उकंडराव म्हणाले. "वकारभाईची गाडी रिकामीच चालली होती रोहिणखेडले. मी म्हनलं, शनवारी कोन टमटम शोधत बसते? मॅडमनं भरूनच ठेवली होती, कुलूप लावलं अन् देल्ली टाकून."

बाई खुर्चीत बसल्या. आलिमानं त्यांना वहीचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "सापडेल गं. आपण शोधू. मी आहे ना."

अकरा वाजता सचिव नारायणराव आले. बी-बियाण्यांचं दुकान, पांढरा शर्ट, आवाज कधी चढायचा नाही. ते बोलत होते तेव्हा आलिमाचं लक्ष त्यांच्या दुसऱ्या बटणाकडे होतं. ते निळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं. तिचं हे नेहमीचं होतं. जिकडे लक्ष द्यायचं तिकडे ते जात नसे आणि जिकडे द्यायचं कारण नाही तिथून ते हलत नसे.

"आलिमाबाई, मी तुमाले वाईट बोलून नाई राह्यलो," नारायणराव म्हणाले. "पन परवा, गुरुवारी पाच वाजता, ठरलेली कार्यकारिणी बसते. तवरोक वही सापडली तं काही बोलनंच नाई. नाई सापडली तं तुमी राजीनामा लिहूनच आना. आमी काढलं असं कायले व्हाव? तुमीच गेल्या तं बरं दिसते."

नारायणरावांच्या सुनेनं, डिंपलनं, मागच्याच वर्षी ग्रंथालयाचा कोर्स केला होता. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि नारायणरावांना ते सगळ्यांना ठाऊक आहे हेही ठाऊक होतं.

ते गेल्यावर आलिमानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि गोळी लागू पडेनाशी झाली का, असं विचारलं. मग मनाला चाळा म्हणून फोनमधले फोटो पाहत बसली. सोमवार, सहा वाजून तीन मिनिटं. टेबल, चिठ्ठ्या, शिक्का, लाल फडकं. सगळं जिथल्या तिथं. तिनं फोटो बोटांनी मोठा केला.

आलिमा फडक्याला नेहमी सुरगाठ मारायची, एका झटक्यात सुटणारी. त्याला कारण होतं. निरगाठ पडली की ती कात्री आणायला उठे, आणि कात्रीपर्यंत पोचेपर्यंत आपण का उठलो ते विसरे.

फोटोतल्या फडक्याला घट्ट, चपटी निरगाठ होती. सकाळी तिनं ती नखांनी सोडवली होती, आणि आतली चिठ्ठी दिसताच विसरलीही होती.

३

म्हणजे सोमवारी सहा वाजताच आत वही नव्हती. ती रात्री कोणी कुलूप उघडून नेली नव्हती, आणि सकाळीही नाही. आलिमानं नवी चिठ्ठी घेतली, डोक्यावर वेळ घातली आणि सोमवारची दुपार लिहून काढायला बसली. मध्ये एकदा पालीकडे पाहत पाच मिनिटं गेली, पण लिहून झालं.

तीन वाजता तिनं वहीत बारा नवी पुस्तकं चढवली. साडेतीनला वही बांधली, सुरगाठ. मग मागच्या मांडणीतले शेतीविषयक मासिकांचे अंक लावायला स्टुलावर चढली. तिचं दुसरंही एक लक्षण होतं, जे गावाला कमी ठाऊक होतं. लक्ष लागत नाही हे खरं, पण एकदा लागलं की बाजूला ताशा वाजला तरी तिला ऐकू येत नाही. सहाला उकंडरावांनी हाक मारली तेव्हा ती खाली उतरली, घाईत फोटो काढला, आणि निघाली. फोटो काढणं हा तिचा नेम होता, पाहणं नव्हे.

साडेतीन ते सहा. अडीच तास टेबलाकडे तिची पाठ होती.

नारायणराव त्या दिवशी बुलढाण्याला बैठकीला गेले होते, दोन सभासदांना घेऊन, आणि रात्री आठच्या एसटीनं परतले. त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती, सून होती, राजीनाम्याची घाईही होती, पण साडेतीन ते सहा या वेळात ते गावातच नव्हते. आलिमाला जरा वाईटच वाटलं. त्यांच्यावर संशय घेणं फार सोपं गेलं असतं.

पेपर वाचणारे बाहेरच्या ओट्यावर बसतात. आत यायचं तर दाराशी उकंडराव बसतात तिथूनच यावं लागतं. आत होते ते उकंडराव आणि सरस्वतीबाई. आलिमानं चिठ्ठीवर एकच नाव लिहिलं, उकंडरावांचं. बाईंचं लिहावं असं तिच्या मनातही आलं नाही.

तिनं त्यांना ओट्यावर गाठलं.

"उकंडरावभाऊ, सोमवारी दुपारी लाल फडक्याले हात लावला का?"

"मी काऊन लावीन? मले तं त्याची भीतीच वाटते. एक पान फाटलं तं उमरभर ऐकून घ्या."

"ही चिठ्ठी पाह्यली होती कधी?"

त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत दिली. ते दुखावले होते, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"मॅडम, पंधरा वर्षं झाली मले अथी. तुमी टाकलेला कागद मी कायले जपू? खाली पडलेला कागद दिसला का मी त्याले घरच्या बंबात घालतो. घरची म्हातारी बसली राह्यते पान्यासाठी. तुमची चिठ्ठी माह्या हाती आली असती तं तिचं पानी तापलं असतं."

आलिमानं त्यांची माफी मागितली. उकंडरावांनी ती घेतली की नाही कळलं नाही, पण ते आत जाऊन तिच्यासाठी चहा घेऊन आले.

चहा टेबलावरच गार झाला. उकंडरावांचं एक वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. ही चिठ्ठी कोणीतरी जपून ठेवली होती.

४

बुधवारी सकाळी तिनं चिठ्ठी पुन्हा हातात घेतली, आणि आदल्या दिवशी अक्षर पाहून जे दिसलं नव्हतं ते दिसलं. चिठ्ठीच्या डोक्यावर वेळ नव्हती.

नऊ महिन्यांत तिनं वेळ न घालता एकही चिठ्ठी लिहिली नव्हती. म्हणजे ही त्याआधीची. वही तिनं घरी नेली होती खरी, आयुष्यात एकदाच, तीन वर्षांपूर्वी रमजानात. दुपारी घरी बसून नोंदी पुऱ्या करायच्या म्हणून. तेव्हा ग्रंथपाल सरस्वतीबाई होत्या आणि आलिमा त्यांची सहायक. वही चौथ्या दिवशी परत आली होती.

मग ते भोक. आलिमानं ते खिडकीशी धरलं. टाचणीचं एवढं मोठं नसतं. गंजलेल्या तारेचं होतं. आणि तारेत कागद खोचून ठेवणारं माणूस या वाचनालयात एकच होतं. सरस्वतीबाईंच्या टेबलामागं भिंतीला एक आकड्याची तार टांगलेली असे. टपालाची पावती असो की सुट्टीचा अर्ज, बाई ती तारेत खोचायच्या. 'कागद फेकणारं माणूस ग्रंथपाल नव्हे', असं त्या म्हणायच्या. निवृत्त होताना शाल-श्रीफळाबरोबर ती तारही त्या घरी घेऊन गेल्या. तेव्हा सगळे हसले होते, बाईसुद्धा.

आलिमा खुर्चीत बसून राहिली. तिला रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. फक्त एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. बाईंना ही नोकरी परत मिळणार नव्हती. वहीचा त्यांना काय उपयोग? आणि त्यांच्याकडे असेलच, तर ती आहे कुठं?

मग तिला चपला आठवल्या. एकतीस आणि दोन, तेहतीस वर्षं चपला दाराशी काढणाऱ्या बाई काल चपला घालून कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. वही हरवल्याचं त्यांना तेव्हा कोणी सांगितलंही नव्हतं. त्या पेटी शोधत होत्या.

आलिमानं रोहिणखेडला फोन लावला. तिथली पेटी बिलकिस नावाच्या शिक्षिका सांभाळत.

"मी तं खामगावले आहे मॅडम, बहिणीच्या लग्नाले," बिलकिस म्हणाल्या. "पेटी पोचली, सासूबाईनं ओसरीत ठेवून घेतली. किल्ली माह्याजवळ आहे, मी शुक्रवारी येते. अजून उघडलीच नाई."

"बरं," आलिमा म्हणाली.

"तुमाले सांगतलं नाई का त्यायनं? सरस्वतीबाईचा फोन आल्ता काल, दोन वेळा. म्हणे पेटी उघडू नको, मी स्वतः येऊन उघडते."

५

बाई दुपारी गव्हातले खडे निवडत होत्या. एकट्याच राहायच्या. मुलगी पूनम नाशिकला, वर्षातून दोनदा येणारी. दाराच्या बाजूला भिंतीवर ती तार होती, विजेच्या बिलांनी आणि औषधांच्या पावत्यांनी भरलेली. आलिमानं खिशातून चिठ्ठी काढली आणि ताटाजवळ ठेवली.

"ही तुमच्या तारेतली आहे बाई."

बाईंनी गहू निवडणं थांबवलं नाही. "अक्षर तं तुझं आहे."

"अक्षर माह्यं, पण वेळ नाई घातलेली. नऊ महिन्यांआधीची आहे. अन् मी लिहिलेली चिठ्ठी मी फडक्यात बांधून ठेवत नाई. जी दिसत नाई ती चिठ्ठी माह्यासाठी नाईच. मी ती टेबलाच्या कडेले चिकटवते, तुमी रोज पाहता. तुमी ती आत ठेवली, मधोमध, नीट. वर निरगाठ मारली. बाई, तुमाले पसारा करताच येत नाई. गबाळ्या माणसाचं सोंग घेतलं तेबी नेटकंच घेतलं."

बाईंचा हात थांबला.

"पेटी शनिवारी जाते म्हणून तुमी वही तिच्यात ठेवली," आलिमा म्हणाली. "पेटी मी भरून ठेवली होती, मी काही परत उघडणार नव्हती. त्याआधी तुमी ती काढणार होत्या. उकंडरावनं मंगळवारीच धाडून देल्ली."

बाईंनी एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी काढून देणार होती. सभेच्या आधी. तुले काही झालं नसतं."

"पण काऊन?"

"नऊ महिने झाले. तू मले एकदाबी विचारलं नाई, बाई, अमकं कुठी आहे म्हणून." त्यांचा आवाज साधा होता, बाजारभाव सांगावा तसा. "पहिले दिवसातून पाच वेळा विचारत होती. घरी आली की माझे पाय दुखत, पण बरं वाटे. आता तुझ्या चिठ्ठ्या, तुझे फोटो. मी येते, पेपर वाचते, घरी जाते. मागच्या हप्त्यात मले सर्दी होती, दोन दिवस नाई आली. तुमच्यापैकी कोणी विचारलं?"

आलिमाला आठवेना. खरंच आठवेना, आणि ते विसरणं आजाराचं होतं की नुसतं माणसाचं, हेही तिला सांगता आलं नसतं. तिला बाईंची कीव आली. पण राग आत्ता कुठं येऊन पोचत होता, आणि तो कीवेपेक्षा मोठा होता.

"तुमी एक वही लपवली, त्याचं मले काही नाई," ती म्हणाली. "दोन दिवस मी माह्याच डोक्याले चोर समजली. नवरा खरं सांगत होता, त्याच्यावर भरवसा नाई ठेवला. डॉक्टरीणबाईले फोन करून विचारलं, गोळी बदलायची का. नऊ महिन्यांत मी जे कमावलं, ते तुमी एका चिठ्ठीत नेलं. माह्याच अक्षरात."

बाईंनी ताट बाजूला सारलं आणि पदरानं हात पुसले. आलिमानं त्यांना उठायला हात दिला नाही.

वकारभाईच्या गाडीतून दोघी रोहिणखेडला गेल्या. पेटीची वाचनालयातली दुसरी किल्ली आलिमानं बरोबर घेतली होती. बिलकिसच्या सासूनं सरबत दिलं, ते दोघींनी प्यायलं. पेटीत तळाशी वही होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कोपरे दुमडू नयेत म्हणून पुठ्ठा लावलेली.

येताना बाई म्हणाल्या, "आता सगळं ठीक आहे ना?"

"नाई," आलिमा म्हणाली. "पेटी मी भरली होती. तिच्यात वही सापडली म्हटलं तं लोक म्हणतील, हिनंच टाकली, हीच भुलली. उद्या सभेत मी तुमचं नाव घेतलं तं कोणाले खरं वाटन? तुमालेच सांगा लागन. नाई सांगतलं तं मी राजीनामा देल्ला समजा."

बाई बाहेर पाहत राहिल्या. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

६

गुरुवारी पाच वाजता कार्यकारिणी बसली. पाच सभासद, सहाव्या बाई. बाई सभासदही होत्या आणि इतिवृत्तही त्याच लिहायच्या. त्यांच्यासारखं अक्षर गावात दुसऱ्या कोणाचं नव्हतं. आलिमा भिंतीशी उभी होती. टेबलावर नोंदवही ठेवलेली होती.

"सापडली म्हना," नारायणराव म्हणाले. त्यांना खरंच हायसं वाटलेलं दिसलं. "कुठी होती?"

"रोहिणखेडच्या पेटीत."

दोघं जण गालात हसले. नारायणराव हसले नाहीत.

"पेटी कोनं भरली होती?"

"मी."

"मंग?" ते थांबले. "आज सापडली. पुढच्या डाव कुठी सापडन, आलिमाबाई? वाचनालय आहे हे, कोनाच्या घरचं काम नाई. राजीनामा आनला का?"

आलिमाच्या पर्समध्ये तो होता. तिनं हात पर्सकडे नेला नाही. बाईंकडेही पाहिलं नाही. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि बाईंच्या पेनाचा. मग पेनाचा आवाज थांबला.

"पेटी तिनं भरली," सरस्वतीबाई म्हणाल्या. "वही मी टाकली."

नारायणरावांनी मान हलवली, जरा प्रेमानंच. "बाई, लय वर्सं पाठीशी घातलं तुमी तिले. आता पुरे करा. तुमच्यासारख्या बाईनं खोटं बोलू नाई."

आलिमाला हसू आलं असतं, पण तेवढी ताकद नव्हती. बाईंनी इतकी वर्षं कमावलेली अब्रू आता बाईंच्याच आड येत होती.

बाई उभ्या राहिल्या. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला.

"पाठीशी नाई घालत नारायणराव, खरं सांगते. सोमवारी दुपारी ती स्टुलावर पाठमोरी होती. मी वही काढली अन् दुसरं रजिस्टर बांधलं. तिच्या फोनमध्ये फोटो आहे, गाठ पाहा. ती निरगाठ मारत नाई, मी मारते. तिची ती चिठ्ठी तीन वर्षं माझ्या तारेत होती. पेटी उघडू नको म्हणून मी बिलकिसले दोन वेळा फोन केला. तिले विचारा, आताच लावा." त्यांनी श्वास घेतला. "उगाच नाई सांगत. मले वाटलं, मी शोधून देईन, मंग पहिल्यासारखं होईन."

नारायणरावांनी फोन लावला नाही. आलिमाच्या फोनमधला फोटो त्यांनी पाहिला, शेजारच्याला दाखवला, फोन परत दिला. नंतर ते बराच वेळ त्या निळ्या दोऱ्याच्या बटणाशी चाळा करत बसले. दिलेला शब्द मागं घ्यायची त्यांना सवय नव्हती.

"आता बाईंचं काय कराव?" एका सभासदानं विचारलं.

"आलिमाबाई सांगतीन," नारायणराव म्हणाले. "तुमचं काय म्हननं आहे?"

"बाईंचं तुमी ठरवा," आलिमा म्हणाली. "ते माह्यं काम नाई. माह्यं एकच आहे. मी भुलली नव्हती, एवढं इतिवृत्तात लिहून पाह्यजे."

"ते कायले लिहा लागते? आमाले समजलं ना."

"तुमाले आज समजलं. लिहिलेलं राह्यते."

नारायणरावांनी बाईंकडे पाहिलं. बाई खाली बसल्या, इतिवृत्ताची वही पुढं ओढली आणि पेन उघडलं.

"नाव कसं लिहू?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"पूर्ण लिहा," आलिमा म्हणाली. "श्रीमती आलिमा सईद शेख, ग्रंथपाल."

बाईंनी लिहिलं. मग रिवाजाप्रमाणे उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं. दाखल नोंदवही ठेवण्यात श्रीमती आलिमा सईद शेख, ग्रंथपाल, यांच्याकडून कोणतीही विस्मृती झाली नाही, असे सभेपुढे सिद्ध झाले. वाचताना त्या एकदा अडखळल्या, ते वाक्य त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सह्यांसाठी वही फिरली. नारायणरावांनी पहिली केली, शेवटची बाईंची होती.